जुळं वारूळ

लई मागची गोष्ट. तेव्हा वाळव्या बोलायच्या आणि आपल्याला ऐकूही यायचं. एका माळावर त्यांचं दोन पुरुष उंच वारूळ होतं. आत वाटाच इतक्या, की बिघाड कुठे झालाय हे शोधायला अर्धं घर खणावं लागे. म्हणून ठकूआत्या नावाच्या म्हाताऱ्या वाळवीनं शेजारीच, त्याच उन्हावाऱ्यात, टीचभर जुळं वारूळ केलं. मोठ्यात कुणी काही बदललं, की त्यानं लगेच जुळ्यातही तेच करायचं, म्हणजे मोठ्यातला बिघाड जुळ्यातच सापडेल. राखणीला गोमाजी.

गोमाजी रोज थुंकी लावून जुळं गुळगुळीत करी. कुणी आलं की म्हणे, "चिखलाचे पाय घेऊन येऊ नका." मग मंडळी यायचीच बंद झाली.

एक दिवस मोठ्या वारुळातली अंड्यांची खोली तापली. अंडी सुकायला लागली.

"जुळ्यात तर गार आहे," गोमाजी म्हणाला. "तुम्हाला भास होतोय."

"मग अंडी तुझ्या जुळ्यात ठेवू का, राजा?" असं म्हणत ठकूआत्यानं जुळ्याचं एक हवेचं भोक बुजवलं. खोली गारच. ते उघडून दुसरं बुजवलं.

"आत्या, वाटोळं करतेस त्याचं," गोमाजी कळवळला.

"मोठ्यासारखं होऊ तर दे त्याला."

सातवं भोक बुजलं आणि जुळ्यातली खोलीही तापली. सगळे मोठ्या वारुळाच्या सातव्या भोकाकडे धावले. धूळ येते म्हणून कुणीतरी ते लिंपून टाकलं होतं. ढेकूळ निघालं, वारा आत शिरला, अंडी वाचली.

दुसऱ्या दिवसापासून गोमाजी स्वतःच चिखलात हिंडायला लागला. दिसेल त्याला विचारायचा, "बाबा, आज काय बिघडवलंस?"