उरलेला पार्ट

मिरजेच्या हमीदाबी मिस्त्रींनी हात लावला की बंद पडलेलं इंजिनसुद्धा खाकरायला लागायचं. त्यांच्या गॅरेजात एकदा शंकरराव इनामदार आपला तीस वर्षांचा ट्रक घेऊन आले. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, पण ट्रक स्वतः चालवायची हौस काही जात नव्हती.

"याला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवा," ते गरजले. "पण विसरभोळे मिस्त्री मी फार पाहिलेत. झिजलेला माल सोडून एक जरी धड पार्ट टेबलावर उरला, तर तुमची पाटी मी स्वतः उतरवीन!"

"कबूल," हमीदाबी म्हणाल्या.

जुन्या बाजारात त्यांनी तीन गिअरबॉक्सचं तेल हुंगून पाहिलं. दोहोंना करपल्याचा वास येत होता, म्हणून तिसरा उचलला. तो सगळा खोलला, धुतला, नव्या प्लेटा नि सील घालून ट्रकला बसवला.

इनामदार दंडोबाचा चढ चढून आले, ते शीळ घालतच. खाली उतरतात तो टेबलावर एक धडधाकट पेडल!

"सापडलं! शिडी आणा!"

हमीदाबींनी स्वतःच शिडी लावून दिली आणि विचारलं, "रावसाहेब, चढावर डाव्या पायानं काय केलंत?"

"काही नाही! राजासारखा बसलो होतो."

"मग क्लचचं हे पेडल परत बसवून देऊ?"

इनामदारांनी पेडलाकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं आणि खो खो हसत, डावा पाय जपत शिडी चढले. पाटी जागची हलली नाही. तिच्याखाली त्यांनी आपल्या हातानं ते पेडल टांगलं.