उंबऱ्याआडचा शब्द

एका राज्यात अशी तऱ्हा होती, की बाईचा शब्द उंबरा ओलांडत नसे आणि पुरुषाचं आसू पापणी ओलांडत नसे. बाई ज्या खोलीत बोलली, त्याच खोलीत ऐकू येई. उंबऱ्याशी पोचला की शब्द फुंकर मारलेल्या दिव्यासारखा विझे. रस्त्यावर उभी राहिली तर नुसते ओठ हलत. पुरुषांचं दुःख डोळ्यांत चढे, पण गळत नसे. आतल्या आत त्याचा दगड होई. नदीच्या घाटावर असे दगड झालेले बापे पुष्कळ उभे होते. लोक त्यांना शेंदूर लावत नि म्हणत, "बाईची जात मुळातच हळू, पुरुषाची जात मुळातच कठीण. त्याला कोण काय करणार?" फारच कोणी खोदून विचारलं, तर काळ्या डोंगराकडे बोट दाखवत. तिथल्या तमाल मायावीनं पूर्वी कधी शाप दिला, अशी वदंता होती.

त्या राज्याचा राजा भानुकेतू. त्याची राणी हेमगौरी बाळंत झाली. मुलगा आणि मुलगी, जुळं झालं. सुईण पाणी आणायला बाहेर गेली, तेवढ्यात राणीचा जीव घाबरा झाला. तिनं हाक मारली. हाक उंबऱ्याशी आली नि विझली. उंबऱ्यापलीकडे राजाची म्हातारी तुंगाआत्या जप करत बसली होती. हातभर अंतर, पण तिला काही ऐकू आलं नाही. सुईण परतली तेव्हा राणी गेली होती.

राजाचे डोळे भरले, पण थेंब पडला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची पावलं दगडाची झाली. मग गुडघे. मग कंबर.

बारशासाठी राजाची बहीण केतकावती सासरहून आली. बाई मायाळू, पण नाक-कान फार तिखट. कोणाच्या चुलीवर काय शिजतंय हे तिला वासावरून कळे, आणि कोणाकडे पाळणा हलतोय हे न सांगता. भाऊ सिंहासनावर कंबरेपर्यंत दगड झालेला पाहिला नि ती मटकन खाली बसली.

पिंजऱ्यातली साळुंकी म्हणाली, "केतकावती, दगड डोळ्यांपर्यंत चढला की भाऊ घाटावरच्या रांगेत गेला. काळ्या डोंगरावर जा."

"गेलं तर काय होईल?"

"बसून तरी काय होणार आहे?"

केतकावती निघाली. नदीनं वाट दिली, वाघानं वाट दिली, धुक्यानं वाट दिली. गुहेत शिरून ती म्हणाली, "मायावी, शाप मागे घे."

तमाल म्हणाला, "तीन वस्तू आण. उंबरा ओलांडणारा मुलीचा आवाज. पापणी ओलांडणारं मुलाचं आसू. आणि ज्या तोंडातून शाप निघाला, ते तोंड."

दुसरी कोणी असती तर राज्यभर वणवण करती. केतकावतीला ठाऊक होतं, की कुंभारणीला नुकतीच मुलगी झाली आहे आणि तेलिणीला मुलगा. दोघांचं बारसं व्हायचं होतं. कुंभारणीची मुलगी भुकेनं रडली, तो आवाज उंबरा ओलांडून पार मडकी भाजायच्या आव्यापर्यंत गेला. तिनं तो पोकळ भोपळ्यात धरला. तेलिणीचा मुलगा रडला, आसू गालावर ओघळलं. तिनं ते पिंपळपानावर घेतलं.

"यात नवल ते काय?" तेलीण म्हणाली. "बारशाआधी मूल अडाणीच असतं. बारसं झालं की शहाणं होतं."

केतकावती जागीच थबकली. कुंभाराकडच्या मुलीच्याही गालावर आसू होतं, आणि या मुलाचा आवाजही अंगणात पोचत होता. दोघं सारखीच रडत होती. भोपळा नि पान घेऊन ती डोंगर चढली.

"तिसरी वस्तू मिळाली नाही," दोन्ही वस्तू तमालपुढे ठेवून ती म्हणाली. "ते तोंड तुझंच असणार. सगळे तसंच म्हणतात."

"मी पाऊस अडवला, सोनं पुरलं, एका राजाचा बेडूकही केला. हा शाप मात्र माझा नाही. बारशाला पाळण्यात वाकून तू काय सांगतेस?"

"नाव सांगते. मग मुलगी असली तर म्हणते, 'तुझा शब्द उंबऱ्याआड.' मुलगा असला तर, 'तुझं आसू पापणीआड.'"

"हे कोणी शिकवलं?"

"शिकवायला कशाला हवं? सगळ्याच आत्या म्हणतात."

"मग तिसरी वस्तू बरोबर घेऊनच आलीस की," तमाल म्हणाला. "ज्या तोंडानं दिलं त्याच तोंडानं परत घ्यावं लागतं, बाई. तिथं माझी जादू चालत नाही."

केतकावती परत आली तेव्हा दगड राजाच्या गळ्याशी पोचला होता. माजघरात पाळणा सजला होता, घुगऱ्या वाटून झाल्या होत्या. ती पाळण्यात वाकली. बायकांनी रीतीप्रमाणे पाठीत धपाटे घातले. त्या धपाट्यांनी पुढचं वाक्य आपसूक तोंडातून निघे. केतकावतीनं दात आवळले. एकीच्या कानात म्हणाली, "तरंगिणी." दुसऱ्याच्या कानात म्हणाली, "पुष्कर." आणि सरळ उभी राहिली.

"अगं, पुढचं?"

"पुढचं काही नाही."

"जीभ गिळलीस का वाटेत?" एकीनं आणखी एक धपाटा घातला.

तेवढ्यात तरंगिणीनं भोकाड पसरलं. आवाज उंबरा ओलांडून दरबारात गेला. एव्हाना दगड राजाच्या कानांवर चढला होता. डोळे तेवढे हलले.

केतकावती तुंगाआत्याचा हात धरून तिला दरबारात घेऊन आली. "आत्या, दादाच्या कानात शब्द तू घातलास. तूच काढ."

म्हातारी ताठ उभी राहिली. "माझ्या आत्यानं माझ्या कानात घातला, तो मी जपला. आता तो खोटा म्हणू? मग जन्मभर मी कुणासाठी हळू बोलले गं?"

पलीकडून तरंगिणी रडतच होती. तुंगाआत्या ऐकत राहिली. मग खालच्या स्वरात म्हणाली, "त्या दिवशी मी हातभर अंतरावर होते. हेमगौरीनं हाक मारली असेल ना?"

"मारली असणार."

म्हातारी चवड्यांवर उभी राहिली, राजाच्या दगडी कानाशी तोंड नेलं. "भानू, माझा शब्द मी परत घेते. रड, बाळा."

पहिलं आसू पापणी ओलांडून गालावर आलं, तिथला दगड मऊ झाला. मग छाती, मग गुडघे, मग पावलं. राजा उठला, पाळण्यापाशी गेला आणि पोरांना उराशी धरून पोटभर रडला. म्हातारीनं मग केतकावतीच्याही कानातला शब्द काढला. केतकावतीनं सौधावरून हाक दिली, ती वेशीपर्यंत ऐकू गेली.

घरोघरच्या आत्या कान शोधत निघाल्या. ज्यांच्या आत्या हयात होत्या, ते घाटावरचे दगड एकेक करून घरी जेवायला गेले. शाप सरला, राज्य मार्गी लागलं. बारशाला आत्या आता नुसतं नाव सांगतात. धपाटे मात्र अजून बसतात. ते कोणाच्यानं थांबवले गेले नाहीत.

राहिली तुंगाआत्या. तिच्या कानात शब्द घालणारी आत्या केव्हाच मातीआड झाली होती. तिचा शब्द काढायला कोणी उरलं नव्हतं. म्हणून राजानं नवी रीत घातली, की म्हातारीला उठवायचं नाही. पुढे पोरं मोठी झाली तेव्हा तुंगाआत्याला काही सांगायचं असलं की पुष्कर दरबारात धावत येई, राजा कामकाज थांबवी, आणि सारा दरबार चपला काढून, उंबरा ओलांडून, आत जाऊन तिच्यासमोर बसे.

अशी ही घुगऱ्यांची कहाणी, उंबरा ओलांडून आली, ज्याच्या कानी पडली त्याचा कान मोकळा करून गेली.