पाच साचे

कारखानदार पोतनीस कीबोर्डची खास बटणं काढणार होते, पण साच्यांचा खर्च ऐकून भडकले.

"पाच साचे? एकातूनच सगळी बटणं काढ!"

"बटणांच्या प्रत्येक ओळीचा उतार वेगळा असतो, साहेब. बोटांना लगेच कळतं," साचे घडवणारा केरबा लोहार म्हणाला.

"होईल बोटांना सवय. थोडक्यात भागवायला शीक!"

केरबानं उजवा हात टेबलावर ठेवला. मधलं बोट अर्धंच होतं. बाकीचं पोतनिसांच्याच कारखान्यातल्या प्रेसखाली गेलं होतं.

"तेव्हाही तुम्ही म्हणाला होतात, 'चार आहेत ना, भागेल.' भागलं, साहेब. पान्हा धरता येतो, जेवता येतं. फक्त भजनाला पेटीवर बसलो, की एक सूर दरवेळी सुटतो."

पोतनिसांनी पाच साच्यांच्या मंजुरीच्या कागदावर सही केली.

केरबानं तो डाव्या हातानं उचलला; उजवा अजून टेबलावरच होता.