घसरगुंडी कोणी बांधायची?

फार पूर्वी एका रानात पिल्लांसाठी नवी घसरगुंडी बांधायची होती. आधीची रानडुकराने बांधली होती. ताकद पाहून हत्तिणीनेच त्याला निवडलं होतं, आणि त्या घसरगुंडीच्या वळणावर सशाच्या पिल्लाचा पाय मोडला होता. हत्तिणीला ते अजून सलत होतं.

काम मागायला आलेली वाळवी म्हणाली, "माझी वारुळं बघा, केवढी उंच आहेत."

पाणमांजर म्हणालं, "मला रोज काठावरून घसरायची सवय आहे."

हत्तिणीने विचारलं, "बांधून झाल्यावर पहिलं कोण घसरणार?"

वाळवी मागे सरकली.

"मीच," पाणमांजर म्हणालं. "वळण चुकलं तर माझंच अंग सोलून निघेल. ते नीट होईपर्यंत पिल्लांना चढू देणार नाही."

काम त्याला मिळालं. त्याने घसरून पाहत दोन वळणं मोडली, पुन्हा बांधली. ताटकळलेली पिल्लं कुरकुरली. हत्तिणीला मात्र कित्येक दिवसांनी निवांत झोप लागली.