वेळुग्रामची विहीर

पूर्वी कंकावती नगरात राजा मणिकेतू राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्माला आले होते. त्यांचे नाव प्रियसेन.

त्या राज्याच्या सीमेवर मोठे युद्ध झाले. डोंगराकडची गावे जळाली आणि माणसे नदीपलीकडच्या रानात जाऊन राहिली. पुढे तह झाला. माणसांना घरी परतायचे होते. तेव्हा नगरातील व्यापारी, विणकर, सुतार आणि शेजारचे दोन राजे यांनी धान्य, बियाणे, बैल आणि लाकूड एकत्र केले. ते सारे एका सामाईक कोठारात ठेवले आणि वाटणीचे काम राजाने प्रियसेनांवर सोपवले.

कोठार भरलेले होते, पण सगळ्या गावांना पुरेल इतके नव्हते. म्हणून प्रियसेन आधी रानात गेले आणि लोकांना विचारू लागले. वेळुग्रामची भद्रा नावाची म्हातारी कुंभारीण म्हणाली, "घरं आमची आम्ही बांधू. पण शत्रूनं विहिरीत मेलेली जनावरं टाकलीत आणि ओढा आटलाय. आधी विहीर उपसून द्या, मग बियाणं द्या. पेरणी चुकली तर वर्ष गेलं."

"देतो, आजी," प्रियसेन म्हणाले.

सभेत त्यांनी सांगितले की सर्वांत दूरच्या आणि निराधार गावांना प्रथम द्यावे. व्यापाऱ्यांचा प्रमुख नागदत्त उठला. "अमात्य, बैल आमचे आहेत. राजमार्गावरची गावं आधी उभी राहू देत. येणारेजाणारे पाहतील, कुणी दिलं ते त्यांना कळेल. त्या डोंगरात कोण पाहणार?"

प्रियसेनांनी त्याला परोपरीने समजावले. नागदत्त रागावून निघून गेला, तर त्याच्यामागून बाकीचेही आपापला वाटा काढून नेतील, अशी त्यांना भीती होती. म्हणून सर्वांचे एकमत होण्याची ते वाट पाहत राहिले. सभा भरत होती, उठत होती. आकाशात ढग दिसू लागले. शेवटी त्यांनी सभेचा नाद सोडला, स्वतःच्या घरचे बैल जुंपले, विहीर उपसणारे चार गडी घेतले आणि ते निघाले.

पण पेरणी जवळ आलेली पाहून वेळुग्रामची माणसे न थांबता घरी परतली होती. तहान लागल्यावर ती त्याच विहिरीचे पाणी प्यायली. प्रियसेन पोचले तेव्हा गावाबाहेर चिता विझत आल्या होत्या. भद्राचा मुलगा आणि सून दोघेही गेली होती.

प्रियसेनांनी बियाण्याचे पोते तिच्यापुढे ठेवले. तिने त्यावर हात फिरवला. "चांगलं आहे बियाणं," ती म्हणाली. "पण पेरायचं कुणी?"

 प्रियसेन स्वतः दोर धरून विहिरीत उतरले आणि स्वच्छ पाणी लागेपर्यंत गड्यांबरोबर गाळ काढत राहिले. मग त्यांनी भद्राच्या शेतात नांगर धरला.

ही हकीकत नगरात कळली तेव्हा नागदत्त खाली मान घालून कोठारापाशी आला आणि आपले सगळे बैल सोडून गेला. त्यानंतर दूरच्या गावांना आधी मिळू लागले आणि पुष्कळ कुटुंबे वेळेत घरी पोचली. संतुष्ट होऊन राजाने प्रियसेनांना एक गाव इनाम देऊ केले.

"महाराज, ज्यांनी मागितलं त्यांच्यापर्यंत मी उशिरा पोचलो," प्रियसेन म्हणाले. "इनाम नको."

भद्रा आणखी काही वर्षे जगली. तिच्या शेतात पीक चांगले येई. ती ते शेजाऱ्यांना कापून न्यायला सांगे आणि स्वतः मात्र बांधावर जात नसे.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, समोर बसलेल्या भिक्षूंकडे वळले. मग म्हणाले, "भिक्षूंनो, चीवरवस्त्रांच्या वाटणीवरून अडून बसलेला हा भिक्षू सोमक त्या वेळी नागदत्त होता. राजा म्हणजे आजचा उपासक धनंजय. भद्रा म्हणजे मागे बसलेली ज्येष्ठ भिक्षुणी, थेरी वासिष्ठी. आणि अमात्य प्रियसेन म्हणजे मीच." हे ऐकून सोमकाने हातातले चीवर शेजारच्या वृद्ध भिक्षूपुढे ठेवले.

या कथेतला गुण वीर्याचा, म्हणजे तत्पर उद्यमाचा आहे. मनात करुणा आली की त्याच क्षणी उठून कामाला लागणे, ते हे वीर्य; प्रियसेनांना ते उशिरा साधले.