पायलीभर लाह्या, मुठीएवढा गूळ

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. एका नदीच्या अलीकडे मापेवाडी होती आणि पलीकडे तोलेवाडी. मापेवाडीत तराजू नव्हता. तिथं धान्य, दूध, तेल, सगळं पायलीनं, म्हणजे ठरलेल्या मापाच्या भांड्यानं, मोजत. तोलेवाडीत पायली नव्हती. तिथली माणसं घरात येईल ती वस्तू तराजूत घालत. जावयालाही घातलं असतं, पण पारडं लहान पडायचं.

मापेवाडीच्या सगुणाचं लग्न तोलेवाडीच्या भिवाशी ठरलं. दोघांनी एकमेकांना जत्रेत पाहिलं होतं आणि दोघंही मनातून फार खूश होती. त्या मुलखात रीत अशी, की मुलीकडून जेवढी भेट येईल तेवढीच मुलाकडून परत जायची. कमी नाही आणि जास्तही नाही. सोयरे बरोबरीचे आहेत, हे त्यातून सगळ्यांना कळायचं.

सगुणाच्या वडिलांनी ज्वारीच्या पायलीभर लाह्या पाठवल्या. तोलेवाडीनं त्या तोलल्या आणि बरोबर तेवढ्या वजनाचा गूळ पाठवला. खडा होता मुठीएवढा. वडिलांनी तो पायलीत टाकला, तर तळाशी जाऊन बसला. त्यांचा पारा चढला. त्यांनी लगेच निरोप धाडला, "पायलीभर गूळ पाठवा, नाहीतर सोयरीक मोडली समजा."

"लाह्यांच्या बदल्यात पायलीभर गूळ?" भिवाचे वडील कडाडले. "सोयरीक करत्यात का दरोडा घालत्यात?"

दुसऱ्या दिवशी नदीच्या वाळूत जमायचं, भेटी परत करायच्या आणि संबंध संपवायचा, असं ठरलं.

त्या सकाळी सगुणाचं कशात लक्ष लागेना. आई म्हणाली, "नुसती बसू नगंस. लाह्या फोड." सगुणानं तापल्या कढईत मूठभर ज्वारी टाकली. तडतड सुरू झाली आणि बघता बघता कढई भरून वाहू लागली. लहानपणापासून ती हे बघत आली होती. आज मात्र ती कढईकडे बघतच राहिली. मग डोळे पुसून ती उठली आणि कढई, ज्वारी, पायली, सगळं घेऊन थेट नदीवर गेली.

वाळूत दोन्ही गावं तोंडं फुगवून उभी होती. सगुणानं तीन दगड मांडून चूल पेटवली.

"मामंजी," ती भिवाच्या वडिलांना म्हणाली, "तुमच्या गुळाएवढी ज्वारी मला तोलून द्या."

लग्न मोडायच्या दिवशी मामंजी म्हटल्यावर म्हातारा गडबडला. भिवाचे कान लाल झाले. पण तोलायला सांगितलं, की तोलेवाडीचा माणूस नाही म्हणत नाही. त्यानं ज्वारी तोलून दिली.

सगुणानं ती थोडी थोडी कढईत टाकली. लाह्या टपाटप उडू लागल्या. पोरं त्या वरच्या वर झेलू लागली, तेव्हा तिनं त्यांना दटावून एकेक लाही परत घेतली. सगळ्या लाह्या पायलीत ओतल्या, तर पायली काठोकाठ भरली.

"आता तोला," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं लाह्या पायलीतून काढून तोलल्या. "गुळाएवढंच हाय. उलट किंचित कमीच."

"तेवढी वाफ गेली," सगुणा म्हणाली आणि वडिलांकडे वळली. "आबा, ज्वारी फुगली, पण वजनानं वाढली न्हाई. तुम्ही जागा मोजली, यांनी भार मोजला. खोटं कुणीच केलं न्हाई."

सगुणाच्या वडिलांनी मूठभर लाह्या तळहातावर तोलून पाहिल्या. मग म्हणाले, "आणि मी ह्यांना दरोडेखोर ठरवलं."

"ते तर मी तुम्हाला म्हटलं होतं," भिवाचे वडील म्हणाले, आणि दोघांनाही हसू आवरेना.

"पण पाव्हणं," सगुणाच्या वडिलांनी विचारलं, "उद्या पुन्हा असंच झालं तर?"

सगुणानं नदीकडे बोट केलं. "पाणी दोन्ही गावांचं. एक पायली पाणी तोलून ठेवू. मग कुठली वस्तू पाण्याहून हलकी, कुठली भारी, ते दोन्हीकडं कळंल."

आता भिवा पुढे आला. "दुसऱ्या पारड्यात रिकामी पायली ठेवा, न्हाईतर भांड्याचाही भार येईल," असं म्हणून तो मापेवाडीतून तशीच दुसरी पायली आणायला पळाला. रिकाम्या पायलीशेजारी दगड बदलत बदलत शेवटी तराजू सम झाला. तो दगड घाटावर ठेवला. एक पायली पाणी म्हणजे एवढा दगड, हे पोराटोरांनाही पाठ झालं. पायलीभर लाह्या त्याच्यापुढे कुठल्या कुठे हलक्या आणि पायलीभर गूळ त्याच्याहून भारी, हेही सगळ्यांना कळलं.

लग्न त्याच वाळूत लागलं. अक्षता संपल्या, तेव्हा लोकांनी लाह्याच उधळल्या, आणि गूळ पंगतीत वाटला. तेव्हापासून त्या नदीकाठी लग्नाआधी पायलीभर पाणी तोलतात, आणि भेटीवरून तिथं पुन्हा कधी भांडण झालं नाही.

म्हणून दुसऱ्याचं माप खोटं म्हणण्याआधी, तो काय मोजतो आहे हे विचारावं.