सशिणीची दोन दारं

दारांना वाचा होती त्या काळची गोष्ट. टेकडीखाली एका सशिणीचं बीळ होतं. त्याच्या दोन दारांचं एकमेकांशी कधी पटलं नाही.

"पाहुण्याला घरात येऊन कशालाही हात लावायचा असेल तर सशिणीला विचारावं," पुढचं दार म्हणे. "ती हो म्हणाली की आत सोडावं."

"कामाच्या रगाड्यात ती सगळ्यालाच हो म्हणते," मागचं दार करवादे. "त्यापेक्षा कुणालाच घेऊ नये." पाळणा दुरुस्त करायला आलेल्या सुतारपक्ष्यालाही त्याने हाकललं. मग सगळे पुढूनच येऊ लागले. मागच्या दाराची कडी गंजली, पण ताठा गेला नाही.

एके दिवशी पुढच्या दाराशी मुंगूस आलं. "बाळांना झोका देऊ का?" दाराने आत विचारलं. सशीण दळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "हो, हो."

किंकाळी ऐकून ती धावली. उरलेलं एक पिल्लू तोंडात धरून मागच्या दारावर आदळली. दाराने सगळा जोर लावला, पण गंजलेली कडी हलली नाही.

बीळ शांत झाल्यावर पुढचं दार म्हणालं, "मी तिला विचारलं होतं."

"माझ्यातून कुणी आत आलं नाही," मागचं दार म्हणालं. त्याच्या आतल्या अंगावर सशिणीच्या नखांचे ओरखडे अजून ओले होते.